फर्मा भरण्यापुरती गोष्ट

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमचा प्रवास लिहा." मी बदलापूरला कात्रपमध्ये राहते आणि उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये काम करते. एवढाच माझा प्रवास, आणि तो रस्ता खराब आहे. तेव्हा प्रवासाचं राहू द्या. कामाचं सांगते.

मी कथासंग्रह छापते. कादंबऱ्या नाहीत, कविता नाहीत, आरोग्याची पुस्तकं तर नाहीतच. फक्त कथा. असा धंदा कोणी का करतो, याचं सरळ उत्तर असं की कॉलेजात असल्यापासून मी स्वतः कथा लिहायची. दिवाळी अंकांना पाठवायची. उत्तरं यायची, "कथा आवडली, परंतु जागेअभावी…" दहाएक वर्षं हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की मराठी कथेला प्रतिभेची नाही, जागेची अडचण आहे. मग मी जागा पुरवण्याच्या धंद्यात पडले.

माझं ऑफिस म्हणजे एका फर्निचरच्या दुकानाचा पोटमाळा. दुकान लच्छूदादांचं. वर जायला लोखंडी जिना आणि जिन्यापर्यंत जायला सोफे, पलंग, कपाटं यांच्यातून वाट. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेखकाला आधी लच्छूदादांच्या नजरेखालून जावं लागतं. ते खालूनच ओरडतात, "दीदी, कहानी आया है!" बाई असो, बुवा असो, त्यांच्या लेखी कहानी येतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात किती माणसं कथा लिहितात हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर लिहितात, बँकेतल्या बाया लिहितात, एक दातांचे डॉक्टर लिहितात, आणि त्यांच्या कथेत कोणीच नीट तोंड उघडत नाही. छपाईचा खर्च बहुतेक जण स्वतः करतात. त्याबद्दल मोठे प्रकाशक नाक मुरडतात. मुरडोत. माणूस पोराच्या बारशाला खर्च करतो, तर पुस्तकाच्या का करू नये?

आता थोडं धंद्यातलं सांगते, कारण पुढची हकीकत त्यावरच उभी आहे.

पुस्तक पानापानाने छापत नाहीत, फर्म्याने छापतात. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा आणि तीनदा घडी घालायची, की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. म्हणजे पुस्तकाची पानं सोळा-सोळानेच वाढतात. लेखकाची प्रतिभा मात्र सोळाच्या पाढ्यात बसत नाही. कथा संपतात आणि शेवटच्या फर्म्यात चार-पाच पानं कोरी उरतात. कोरी पानं सोडली तर वाचकाला वाटतं बाइंडरने घोळ केला. त्यावर लोकांचे नाना उपाय. कोणी लेखकाचा परिचय तीन पानी करतं, कोणी ऋणनिर्देशात सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे घेतं. मी लेखकाला सांगते, "चार पानांची एक गोष्ट द्या."

आणि माझा अनुभव असा, की संग्रहातली बरी गोष्ट बहुधा तीच निघते. बाकीच्या कथा माणूस खांद्यावर शाल आहे असं समजून लिहितो. ही फर्मा भरण्यापुरती असते. तिच्याकडून कोणाची अपेक्षा नसते, त्यामुळे ती मोकळी वागते.

धंद्यातली दुसरी गोष्ट प्रकाशन समारंभाची. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं. ही टीका नव्हे, निरीक्षण आहे. पुस्तक त्यांच्या हातात रंगीत कागदात बांधून येतं, ते फीत सोडतात, फोटो निघतो, आणि पुढची दोन भाषणं चालू असताना त्यांना जे काही वाचायचं ते वाचून घ्यावं लागतं. साहजिकच ते सगळ्यात छोटी गोष्ट शोधतात. म्हणून मी पाहुण्यांच्या प्रतीत, ज्या कथेवर त्यांनी बोलावं असं लेखकाला वाटतं, तिथे चिठ्ठी घालून ठेवते. सुज्ञ पाहुणे खूण ओळखतात.

समारंभाशिवायही पुस्तक निघू शकतं हे मला चिखलोलीच्या बाळारामशेठनी शिकवलं. त्यांची भातशेती होती, तिथे आता टॉवर आहेत. लहानपणच्या शेताच्या, बैलांच्या, खाडीच्या गोष्टी त्यांनी बोलतात तशाच लिहिल्या होत्या. मुलाच्या हळदीला त्यांना पुस्तक वाटायचं होतं.

"ताई, हलदीला लोकां टॉवेल-टोप्या देतान. मी गोष्टी देनार."

"शेठ, हळदीत कोण वाचणार? डीजे असतो."

"नाय वाचली त खाली घेऊन बसतील. पन घरी त नेतील ना?"

नेली. आठवड्याने शेठ आले ते वैतागून. रोज फोन येत होते. "आरं बाला, तो बैल पांढरा कवा व्हता? तांबडा व्हता!" अख्खं गाव गोष्टी वाचून भांडत होतं. इतकी काटेकोर समीक्षा माझ्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाच्या वाट्याला आलेली नाही. मी शेठना तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्या समीक्षेला सांग, बैल माझा व्हता."

पण मला सांगायचंय ते निर्मला सोनावणे यांच्याबद्दल.

निर्मलाताईंना मी लेखिका म्हणून ओळखण्याआधी कितीतरी वर्षं 'सोफा बघणाऱ्या बाई' म्हणून ओळखत होते. संध्याकाळी मी जिना उतरताना त्या खाली एखाद्या सोफ्यावर बसलेल्या असायच्या. नीटनेटकी सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर कागद. एकदा मी लच्छूदादांना विचारलं, "या बाईंना सोफा पसंत पडत नाही का?"

"दीदी," ते म्हणाले, "ये मैडम ग्राहक नहीं है. फर्निचर है."

"मग बसू कसं देता?"

"खाली पड़ी दुकान में कोई नहीं घुसता. एक बैठा हो, तो दूसरा आता है."

मग एक दिवस त्या जिना चढून वर आल्या. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या अकरा कथा माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "रिटायर झाले. आता सोफ्यावर यायला निमित्त उरलं नाही. म्हटलं, वरचंही बघून घ्यावं."

त्या जवळच्या एका शाळेच्या ऑफिसात होत्या. घर अंबरनाथला. ऑफिस सुटायचं साडेपाचला, घरी त्यांनी सांगितलं होतं सहा. सुरुवातीला खोटं बोलायचा काही बेत नव्हता. खरोखरच सोफा बघायला एकदा आत शिरल्या, बसल्या, आणि काही वेळाने त्यांच्या ध्यानात आलं की एवढ्या वेळात आपल्याकडे कोणी काही मागितलं नाही. दाखला नाही, चहा नाही, किल्ली नाही, पाणी नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. पुढे निवृत्तीपर्यंत येत राहिल्या. त्या अर्ध्या तासात त्यांनी अकरा कथा लिहिल्या. सोफा विकला गेला की दुसऱ्यावर जायच्या. त्यांच्या कथांतली माणसं बोलता बोलता उठून दुसरीकडे का बसतात, ते मला तेव्हा कळलं.

कथा चांगल्या होत्या, फक्त फार सज्जन होत्या. दारुडा सुधारायचा, सासू सुधारायची, एका कथेत तर पाणीखात्यातला माणूस सुधारायचा. मी आठवडाभर बसून पानं लावली आणि नेहमीप्रमाणे शेवटी चार उरली.

"चार पानांची एक गोष्ट द्या," मी म्हटलं.

"माझ्याकडं नाही."

"सोफ्यावरची लिहा."

त्यांनी जिन्याकडे पाहिलं, जणू त्यांचे यजमान वर येतायत. "वेड लागलंय का ताई? घरी काय सांगू?"

"घरी वाचतं कोण?"

त्या खरोखर विचार करू लागल्या. "हे पेपर वाचतात. मुलगा मोबाइल वाचतो. सुनेला वेळ नसतो."

"मग?"

"मग कोणीच नाही!" त्या म्हणाल्या. आपल्याला घरात वाचक नाही याचा इतका आनंद झालेला लेखक मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

चार दिवसांत गोष्ट आली. नाव 'अर्धा तास'. नायिकेचं नाव सुमन केलं होतं आणि शाळेच्या जागी पोस्ट. "सोफ्याच्या जागी पलंग करू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रोज संध्याकाळी दुकानातल्या पलंगावर जाऊन बसणारी बाई ही वेगळी गोष्ट होईल." सोफा राहिला. आणि या गोष्टीत कोणी सुधारत नव्हतं. सुमन बसते, लिहिते, घड्याळ बघते, घरी जाते. एवढंच. मला ती फार आवडली. शेवटच्या फर्म्यात, शेवटची म्हणून लावली.

समारंभ अंबरनाथला विहाराच्या हॉलमध्ये ठरला. पाहुणे म्हणून मी एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं होतं. ते पुस्तक सगळं वाचतात आणि मोजकं बोलतात, त्यामुळे त्यांना फारसं कोणी बोलावत नाही. आदल्या दिवशी त्यांचा गुडघा धरला. मी म्हटलं, पाहुण्यांशिवाय करू. पण दिनकर सोनावणे, निर्मलाताईंचे यजमान, ऐकेनात.

"ताई, असं कसं? बायकोचं पुस्तक निघतंय, मुकाट्यानं काढायचं? आमचे म्हात्रे साहेब आहेत ना! मी शब्द टाकला तर येतील."

म्हात्रे साहेब म्हणजे दिनकररावांच्या कारखान्यातले युनियनचे पुढारी. कारखाना बंद पडला, साहेब नगरसेवक झाले, दिनकरराव घरी बसले. पण मान कायम होता. दिनकररावांनी स्वतः फुलं आणली, स्वतः खुर्च्या मांडल्या, पहिल्या रांगेत पांढराशुभ्र शर्ट घालून बसले. कारखाना सुटल्यापासून त्यांना कुठे यजमान व्हायला मिळालं नव्हतं, आणि आज बायकोमुळे मिळालं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी पाहुण्यांच्या प्रतीत पाणीखात्याच्या कथेवर चिठ्ठी घातली होती. नगरसेवकांना सोयीची. साहेबांनी फीत सोडली, चिठ्ठी काढली, आणि तिच्या मागे व्यासपीठावरच्या मंडळींची नावं लिहून घेतली. मग पुस्तक मागून उघडलं. मागून पुस्तक उघडणारी माणसं दोनच, उजवीकडून सुरू होणारं सिंधी वाचणारे लच्छूदादांचे वडील आणि प्रमुख पाहुणे. सूत्रसंचालक बोलत होता, साहेब 'अर्धा तास' वाचत होते, आणि मधूनच गालात हसत होते. निर्मलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोणाकडे बघणार?

साहेब उठले. आवाज कारखान्याच्या गेटसभेचा, त्याला माइक कशाला लागतो?

"बंधूंनो, भगिनींनो, जय भीम! पुस्तकं मी लय बघितली. पण ही शेवटची गोष्ट ऐका. एक बाई आहे. ऑफिस सुटतं साडेपाचला आणि घरी सांगते सहा! का? कुठं जाते? तुम्ही म्हणाल, भानगड! अहो, बाई जाते फर्निचरच्या दुकानात. आणि सोफ्यावर बसते! नुसती बसते!"

हॉल हसला. बायका जास्त हसल्या. मागून एक म्हातारी ओरडली, "बरोबर आहे बाईचं! आमाला स्टूल बी नाय गावलं!"

साहेबांना रंग चढला. त्यांनी गोष्ट इतकी उत्तम सांगितली की मला हेवा वाटला. ती घड्याळ कशी बघते, दुकानदार तिला चहा विचारून पैसे कसे घेत नाही, सगळं. आणि मग ते पहिल्या रांगेकडे वळले. "दिनकर, बघ बाबा! तू तर आमचा वेळेचा पक्का. पंचिंग कार्ड तुझ्याकडून शिकावं. तुझ्या घरातून नाही ना असा अर्धा तास गेला?"

दिनकरराव सगळ्यांबरोबर हसत होते. हसता हसता कुठेतरी त्यांची बेरीज जुळली असावी. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यामागून माणूस उठून गेला.

"काय वहिनी," साहेबांनी विचारलं, "खरी गोष्ट की कल्पना?"

एका शब्दात सुटण्यासारखं होतं. सगळे लेखक 'कल्पना' म्हणतात, त्यासाठीच तो शब्द आहे. निर्मलाताई उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "सुमन खोटी आहे. सोफा खरा आहे."

टाळ्या पडल्या. दिनकररावांनीही वाजवल्या. मग त्यांनी एकट्याने सगळ्या खुर्च्या गोळा केल्या, कोणाला हात लावू दिला नाही.

आठवड्याने निर्मलाताई पोटमाळ्यावर आल्या.

"हे बोलत नाहीत ताई. जेवतात, भाजी आणतात, पण बोलत नाहीत."

"रागावलेत?"

"रागावले असते तर बोलले असते." त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. संग्रहाच्या बहुतेक प्रती अजून माझ्याकडेच होत्या. "शेवटचीच गोष्ट आहे ना? ब्लेडनं काढता येईल?"

मी एक प्रत उलगडून त्यांना फर्म्याची शिलाई दाखवली. फर्म्यातला कागद एकटा नसतो. शेवटचा जो कागद, त्याचंच दुसरं अंग फर्म्याच्या सुरुवातीला असतं, मधे दोरा. शेवटचं पान कापलं की सुरुवातीचं सुटतं. "तुमची ही गोष्ट काढली, तर आधीच्या दोन कथा गळायला लागतील."

त्यांनी त्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. "मग असंच ठेवा बांधून," म्हणाल्या. "विकू नका, वाटू नका. यांना विचारते. ते म्हणाले काढा, तर पुस्तकच राहू दे." आणि गेल्या. आयुष्यभर अर्ध्या-अर्ध्या तासांनी जमवलेलं पुस्तक त्या एका माणसाच्या बोलण्यावर टांगून गेल्या, आणि तो माणूस बोलत नव्हता. त्यांच्याकडून घाईने ती गोष्ट लिहवून घेणारी मीच, याची टोचणी मला होती. पण गोष्ट वाईट आहे असं काही केल्या वाटेना.

दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळी, खालून हाक आली. आवाज हळू होता, म्हणून मी चमकले. "दीदी, एक साहब आया है. सोफा देख रहा है. मैडमवाली जगह."

दिनकरराव सोफ्याच्या कडेवर बसले होते, दवाखान्यात बसतात तसे.

"ह्याच्यावर बसायची?"

"ह्याच्यावर नाही. तो केव्हाच विकला गेला. त्याच्यानंतरचेही बरेच."

त्यांनी हाताने गादी दाबून पाहिली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "कंपनी बंद झाली तेव्हा मी घरी. दिवस जात नाही हो, ताई. साडेपाच वाजले की मी गॅलरीत उभा राहायचो. ती सहाला सुटणार, मग रिक्षा, हे सगळं माहीत असायचं. तरी उभा. चहाचं आधण दोनदा आटायचं. आणि ही तेव्हा इथं. मोकळी. मी तिकडं उभा, ही इकडं बसलेली. नुसतं सांगितलं असतं, की साडेपाचला सुटते…"

"तर काय केलं असतं?"

प्रामाणिक माणूस. "न्यायला आलो असतो," म्हणाले.

लच्छूदादा कपाट पुसायचे थांबले. दिनकरराव आपण काय बोललो ते स्वतःच ऐकत होते. मग त्यांना हळूहळू हसू आलं, आणि या वेळी त्यामागे माणूस होता.

"म्हणजे अर्धा तास गेलाच असता तिचा."

"गेलाच असता."

"गोष्ट काढू नका. वाटा पुस्तकं." ते उठले, पुन्हा बसले. "पण एक आहे. तिनं तिच्या अर्ध्या तासाचं लिहिलं. त्याच अर्ध्या तासात माझं काय झालं, ते त्यात नाही. सुमनचा नवरा कुठं आहे? 'घरी' एवढंच लिहिलंय. पुढच्या वेळी पानं उरली तर मला सांगाल?"

"सांगेन. लिहिता येतं?"

"युनियनची पत्रकं लिहिलीत."

"चालेल. फक्त मागण्या नकोत."

"एखादी तरी असणारच, ताई," ते म्हणाले.

हल्ली दिनकरराव खाली सोफ्यावर बसून लिहितात. निर्मलाताई वर माझ्यासमोर स्वतःच्या दुसऱ्या संग्रहाची मुद्रितं तपासतात. लच्छूदादांची तक्रार आहे की आता दोघं बसलेली बघून गिऱ्हाइकाला दुकान भरलेलं वाटतं आणि ते पुढे जातं. पण बाहेरून चहा तेच मागवतात. माझा स्वतःचा संग्रह मात्र अजून नाही. माझ्या कथा जमवल्या तर एक फर्मा भरेल, दुसऱ्यात बरीच पानं कोरी उरतील, आणि ती भरायला मला कोणी गोष्ट मागत नाही.

परवा निर्मलाताईंच्या या नव्या संग्रहाची पानं लावून झाली. इतक्या वर्षांत प्रथमच हिशोब नेमका बसला. शेवटची ओळ शेवटच्या पानाच्या तळाशी संपली, फर्मा पुरा, एक पान कोरं नाही. मी जरा वेळ बघत राहिले. मग टाइप थोडा लहान केला, ओळी जवळ आणल्या, एका कथेच्या आधीचं रिकामं पान काढलं, आणि चार पानं मोकळी केली. आयुष्यभर मी पानं भरत आले, उलटं काम पहिल्यांदाच केलं.

निर्मलाताई शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढलेल्या, हिशोबाच्या पक्क्या. त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतः मोजलं.

"ताई, माझ्या हिशोबानं तर फर्मा भरतोय. चार पानं उरली कशी?"

खाली सोफ्याची स्प्रिंग वाजली. लिहिणारा माणूस थांबून ऐकत असावा.

"साडेपाचला सुटून सहा सांगणाऱ्या बाईनं," मी म्हटलं, "मला हिशोब विचारू नये."